पन्नास पिनांचा कनेक्टर ‘सगळीकडे सारखाच’? जरा थांबा

वाळूज-चिकलठाण्यापासून जालन्याच्या एमआयडीसीपर्यंत मेंटेनन्सवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर साधारण असा: “सर्व्होचा ५० पिनांचा कनेक्टर कुठल्याही कंपनीचा असो, सारखाच असतो. डावीकडून १, २, ३ मोजत जा. मोटरला १, २, ३ म्हणजे यू, व्ही, डब्ल्यू. उलटी फिरली तर दोन वायरी बदला. शेवटी बझर मारा, झालं काम. मॅन्युअल लागतच नाही.”

सर्व्हो म्हणजे ठरल्या कोनात फिरणारी मोटर, आणि तिला करंट देणारा डबा म्हणजे ड्राइव्ह. मेसेजमधलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि ड्राइव्ह बहुतेक वेळा त्या अर्ध्यानेच जातो.

“कुठल्याही कंपनीचा असो, सारखाच असतो”

प्लग सारखा असतो, हे कबूल. यास्कावाचे सिग्मा-२ आणि सिग्मा-५, मित्सुबिशीचे जे३-ए आणि जे४-ए, पॅनासोनिकचा मिनास ए५, या सगळ्यांच्या इनपुट-आउटपुट सॉकेटमध्ये तोच एमडीआर जातीचा प्लग बसतो. दोन ओळी, ओळीत २५ पिना, दोन पिनांत १.२७ मिमी. पण पिनेचा नंबर प्लगवाला ठरवतो आणि त्या नंबरावर कुठला सिग्नल द्यायचा हे ड्राइव्हवाला ठरवतो. सर्व्हो-ऑन, म्हणजे मोटरला करंट चालू करायचा सिग्नल, यास्कावात ४० वर, पॅनासोनिकमध्ये २९ वर, मित्सुबिशीत १५ वर. इनपुटांसाठीचा २४ व्होल्ट प्लस यास्कावात ४७ वर, पॅनासोनिकमध्ये ७ वर, मित्सुबिशीत २० आणि २१ वर.

आता पॅनासोनिकची तयार केबल यास्कावाच्या सीएन१ ला, म्हणजे इनपुट-आउटपुट सॉकेटला, लावली तर काय होतं ते बघा. केबलच्या ७ वर २४ व्होल्ट आहे. ८ आणि ९ वर दोन्ही बाजूंचे लिमिट स्विच (टोकाला गेल्यावर थांबवणारे) आहेत. ते नॉर्मली क्लोज (दाबले नसताना जोडलेले) असतात, म्हणजे या दोन्ही पिना ० व्होल्टला धरलेल्या. यास्कावात ७ आणि ८ ही पल्स इनपुटची, म्हणजे मोटरने किती फिरायचं ते सांगणाऱ्या ठोक्यांची, जोडी आहे. म्हणजे लाइन ड्रायव्हरच्या (वायरींच्या जोडीवर सिग्नल पाठवणाऱ्या सर्किटच्या) ५ व्होल्टसाठी केलेल्या फोटोकपलरवर (प्रकाशाने सिग्नल आत देणाऱ्या भागावर) सरळ २४ व्होल्ट बसले. २४ व्होल्टच्या ओपन कलेक्टरने (फक्त ० व्होल्टकडे ओढणाऱ्या आउटपुटने) पल्स द्यायचे असतील तर यास्कावा कंपनी वाटेत २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावायला सांगते. इथे तो कुठून येणार? मशीन चालू केल्यावर अलार्म येईलच असंही नाही. बाकी इनपुट नीट जोडून घेतले की सर्व्हो-ऑन होतो, पल्स मात्र मोजले जात नाहीत, आणि माणूस पीएलसीत, म्हणजे मशीनच्या कंट्रोलरमध्ये, चूक शोधत बसतो.

हीच केबल मित्सुबिशीला लावली तर आणखी वाईट. तिथे ७ म्हणजे एन्कोडर (मोटरचा कोन मोजणारा भाग) आउटपुटचा एलबीआर, ८ आणि ९ म्हणजे एलझेड-एलझेडआर. लाइन ड्रायव्हरच्या आउटपुटवर बाहेरून २४ व्होल्ट. आणि यास्कावाची केबल मित्सुबिशीला लावली तर ४७ वरचा प्लस जातो डीओकॉमवर, म्हणजे आउटपुटांच्या कॉमनवर.

कंपनी एक असली तरी भरवसा नको. मित्सुबिशीच्या जुन्या जे२एस-ए मध्ये २०-२० पिनांचे दोन कनेक्टर होते आणि सर्व्हो-ऑन सीएन१बी च्या ५ वर होता. जे४-ए मध्ये तो सीएन१ च्या १५ वर आला. जुन्या मशीनचा ड्राइव्ह बदलताना ‘तेच नंबर’ धरून चालणाऱ्यांची गाडी इथेच अडते.

“डावीकडून मोजत जा”

कुठल्या तोंडाने बघून डावीकडून? मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही, आणि पिनांच्या बऱ्याच चुका इथे होतात.

मित्सुबिशीच्या मॅन्युअलमधलं पिनांचं चित्र केबलच्या प्लगकडे वायर जोडायच्या बाजूने बघून काढलेलं असतं. तेच चित्र समोर ठेवून प्लगच्या तोंडाकडून, म्हणजे ड्राइव्हमध्ये घुसणाऱ्या बाजूने मोजलं, तर सगळं आरशातल्यासारखं उलटतं. वरच्या ओळीतला १ जातो २५ वर, ७ जातो १९ वर. खालच्या ओळीत २६ च्या जागी ५०, ४० च्या जागी ३६, ४७ च्या जागी २९. मधले १३ आणि ३८ मात्र जागच्या जागी राहतात, म्हणून मधल्या पिना तपासून समाधान मानू नका.

यास्कावावर ही चूक झाली तर लक्षण असं दिसतं: टर्मिनलवर २४ व्होल्ट मिळतात, पण एकही इनपुट लागत नाही. कारण प्लस ४७ सोडून २९ वर, म्हणजे सर्व्हो-रेडी आउटपुटवर गेलाय. त्याच वेळी ४२ आणि ४३ चे लिमिट ३४ आणि ३३ वर बसलेत. त्या दोन पिना म्हणजे एन्कोडर आउटपुटची ए आणि ए-बार जोडी. दोन्ही लिमिट क्लोज, म्हणजे ती जोडी ० व्होल्टच्या वायरीतून एकमेकींना शॉर्ट.

खरी पद्धत डोळ्यांना त्रास देणारी, पण सोपी आहे. प्लगच्या काळ्या बॉडीवर टोकाच्या पिनांपाशी १, २५, २६, ५० असे बारीक आकडे बहुतेक वेळा उमटवलेले असतात. भिंग घ्या, टॉर्च तिरपा धरा. १ सापडला की मार्करने ठिपका मारा, मग सोल्डरिंग गन गरम करा. आकडे दिसत नसतील तर त्या प्लगच्या पार्ट नंबरचं ड्रॉइंग काढा.

शिवाय सगळे कनेक्टर ओळीने मोजत नाहीत. त्याच जे४ वरचा एन्कोडरचा सीएन२ दहा पिनांचा आहे आणि त्याचे नंबर नागमोडी जातात: एका ओळीत १, ३, ५, ७, ९, दुसरीत २, ४, ६, ८, १०. पीफाइव्ह म्हणजे ५ व्होल्ट १ वर, एलजी म्हणजे ० व्होल्ट २ वर, डेटाची एमआर-एमआरआर जोडी ३ आणि ४ वर. सीएन१ च्या सवयीने ओळीत मोजलं तर एलजीची वायर ३ वर, म्हणजे डेटा लाइनवर जाते आणि पॉवर देताच एएल१६, म्हणजे एन्कोडरशी बोलणं होत नसल्याचा अलार्म, येतो. एन्कोडर खराब समजून मोटर खोलायच्या आधी ही दोन बोटांची जागा बघा.

नऊ पिनांचा डी-सब (डी आकाराचा कनेक्टर) वापरत असाल तर तेच. रुंद ओळ वर धरून मेल प्लग समोरून बघितला तर डावीकडून १ ते ५. फिमेल समोरून बघितला तर उजवीकडून.

“१, २, ३ म्हणजे यू, व्ही, डब्ल्यू”

यू, व्ही, डब्ल्यू म्हणजे मोटरचे तीन फेज. डेल्टा कंपनीच्या ब्रेकवाल्या लहान मोटरचा सहा पिनांचा कनेक्टर घ्या. यू १ वर, व्ही २ वर, डब्ल्यू ४ वर, अर्थ ५ वर. ३ आणि ६ ब्रेकचे. मेसेजप्रमाणे जोडलं तर डब्ल्यू फेज ब्रेकच्या कॉइलमध्ये जातो. त्याच कंपनीच्या मोठ्या मोटरच्या २०-१८ मापाच्या गोल कनेक्टरवर यू म्हणजे एफ, व्ही म्हणजे आय, डब्ल्यू म्हणजे बी, अर्थ ई. तिथे तर क्रमाचा मागमूसही नाही.

“उलटी फिरली तर दोन वायरी बदला”

विहिरीवरच्या मोटरला हे चालतं, सर्व्होला नाही. एन्कोडर रोटरचा कोन सांगतो आणि ड्राइव्ह त्या कोनाप्रमाणे ठरावीक फेजमध्ये करंट सोडतो. फेज बदलले की कोन एक आणि करंट दुसरीकडे. मोटर थरथरते, जाम होते नाहीतर सुसाट सुटते, यास्कावावर ए.सी१० अलार्म दिसतो. तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवल्या तरी चूकच राहते. दिशा पॅरामीटरने बदलायची: यास्कावा पीएन०००, मित्सुबिशी पीए१४, पॅनासोनिक पीआर०.००, डेल्टा पी१-०१.

“बझर मारा, झालं”

बझर, म्हणजे वायर जोडलेली असली की मल्टिमीटर करतो तो आवाज, एवढंच सांगतो की या टोकाची वायर त्या टोकाला पोचते. दोन्ही टोकं एकाच चुकीच्या दिशेने मोजलेली असतील तर तो आनंदाने वाजतो. मोटरच्या यू, व्ही, डब्ल्यूमध्ये कुठल्याही दोघांवर लावा, वाजणारच. वाइंडिंगचा रेझिस्टन्सच तेवढा कमी असतो. फेज ओळखायला त्याचा उपयोग शून्य. आणि मल्टिमीटरची जाडी टोकं एमडीआरच्या फटीत खुपसू नका. कॉन्टॅक्ट फाकतो आणि पुढे महिन्या-दोन महिन्यांनी ‘कधी चालतं, कधी नाही’ सुरू होतं.

बझर हवाच, पण शेजारच्या पिनेशी आणि शेलशी (प्लगच्या बाहेरच्या कवचाशी) शॉर्ट नाही ना हे बघायला. वायर ०.२ चौरस मिमीच्या वर घेऊ नका, जाड वायरीच्या सोल्डरने शेजारची पिन जोडली जाते. प्रत्येक पिनेवर श्रिंक स्लीव्ह, शील्ड शेलच्या क्लॅम्पखाली.

मग प्लग ड्राइव्हला न लावता फक्त २४ व्होल्टचा सप्लाय चालू करा आणि ब्रेकआउट टर्मिनलवर (प्लगची प्रत्येक पिन वेगळ्या स्क्रूवर आणणाऱ्या पट्टीवर) मोजा. प्लस ठरलेल्या पिनेवरच मिळायला हवा. सेन्सर किंवा पीएलसीमार्गे आणखी कुठे दिसत असेल तर त्या वायरीचं कारण कळेपर्यंत प्लग लावायचा नाही. सप्लाय बंद करून, ड्राइव्हचा चार्ज दिवा विझलाय हे बघून प्लग लावा. सर्व्हो-ऑन न देता एकेक स्विच हाताने दाबा आणि ड्राइव्हच्या डिस्प्लेवर बघा: यास्कावात यूएन००५, डेल्टात पी४-०७. दाबलेला स्विच आणि हललेली खूण जुळली, तर ती पिन बरोबर.

“मॅन्युअल लागतच नाही”

सगळं पुस्तक खरंच लागत नाही. नेमप्लेटवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधून पिनांचं चित्र आणि सिग्नलचा तक्ता अशी दोन पानं काढा आणि पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. चित्राखाली ‘कुठल्या बाजूने बघितलेलं’ अशी बारीक ओळ असते, ती झेरॉक्समध्ये कापली जाऊ देऊ नका.