मागच्या काचेवरचा स्टिकर काढायचाय? या, बसा

तुमची गाडी नुकतीच सर्व्हिसिंगहून आली असेल, तर आधी अभिनंदन. धुतलेली गाडी मिळाली, पायाखाली कागद मिळाला, आणि मागच्या काचेच्या तळाशी, आतल्या बाजूने, हातभर लांबीचा लाल-पिवळा स्टिकरही मिळाला. त्यावर सर्व्हिस सेंटरचं नाव, दोन मोबाइल नंबर आणि 'विश्वासाचं ठिकाण' अशी ग्वाही. माझ्या काचेवर गेल्या वर्षीचा होताच. यंदा त्याच्यावरच नवा मारून दिला, देवाला शेंदराचं पूट चढवावं तसा. गेला अख्खा रविवार मी ती पुटं खरवडली. मिसळीला जायचं ठरलं होतं, ते राहिलं. तेव्हा या विषयावर सल्ला द्यायला नाशकात माझ्याइतका अधिकारी माणूस आज तरी नसावा.

हॅचबॅकवाल्यांनी इथूनच रजा घ्यावी. तुमची काच दारासकट वर उचलली जाते, तुम्हाला काय कळणार! हा सल्ला डिकीवाल्या गाड्यांसाठी आहे. यांची मागची काच तिरपी उतरत जाऊन सीटमागच्या फळीला, म्हणजे पार्सल ट्रेला, अशा कोपऱ्यात भेटते, की तिथे हात जात नाही, नुसती बोटं जातात.

आसन असं. मागच्या सीटवर गुडघे टेका, डोकं छताला लावा, एक कोपर स्पीकरच्या जाळीवर ठेवा. आता मान डावीकडे वळवा. वळत नाही ना? मग बरोबर बसलात. दहा मिनिटांनी पायाला मुंग्या येतील. शेजारचे काका खिडकीतून डोकावून 'काय हरवलं का?' असं विचारतील. हो म्हणा.

नखाने सुरुवात करा. कोपरा सुटला की वाटेल, आता सगळा सर्रकन निघणार. पण या स्टिकरने एप्रिल-मे बघितलेला असतो. उन्हाने त्याचं प्लास्टिक पापडासारखं होतं, ते तांदळाएवढ्या तुकड्यांनी येतं आणि गम काचेवरच राहतो.

रॉकेल लावा. कुठे मिळालं ते मलाही कळवा.

नेलपॉलिश रिमूव्हर तर फारच गुणकारी. गम विरघळतोच, शिवाय थेंब ओघळून पार्सल ट्रेच्या प्लास्टिकवर पांढरे डाग पडतात.

हेअर ड्रायरने गम मऊ पडतो, हे खरं आहे. फक्त घर तिसऱ्या मजल्यावर आणि गाडी खाली असेल, तर वॉचमनच्या केबिनमधला प्लग लागतो. मग सेक्रेटरी येतात. मग कॉमन मीटरवर चर्चा होते. तोवर काच गार.

आणि आता ब्लेड. यूट्यूबवर एक पोरगा हसत हसत ब्लेड फिरवतो आणि काच आरशासारखी करून दाखवतो. तोही बाहेरून, समोरच्या काचेवर. मीही फिरवलं. छान निघत होतं. मग लक्षात आलं की गमबरोबर एक बारीक तांबूस रेघही निघतेय. मागच्या काचेवर त्या आडव्या रेघा असतात ना, ती नक्षी नाही. तो डीफॉगर. चांदी मिसळलेल्या रंगाच्या त्या रेघा आतल्या बाजूने काचेवर भाजून बसवलेल्या असतात. बटण दाबलं की त्यांतून वीज जाते, काच तापते आणि धुकं उडतं. रेघ एका जागी तुटली की ती सबंध रेघ मेली. माझ्या दोन मेल्या. मंगळवारी कसारा घाटात पाऊस, धुकं, मागे ट्रक. वरची काच स्वच्छ, आणि खाली बरोबर स्टिकरच्या जागी दोन पांढरे पट्टे. म्हणजे स्टिकर काढूनही जागा त्यांचीच.

बरं, हा स्टिकर आतून का लावला, असं मी तिथल्या माणसाला विचारलं होतं. 'सर, बाहेरून लावला तर पावसाने निघतो.' निघतो! म्हणजे निघू नये याचा विचार झालेला आहे. डीफॉगरच्या रेघांचा नाही झाला, ज्यांचं काम हेच, त्यांच्याकडून! काळ्या फिल्म लावू नका म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं. मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, असा नियम आहे. या लाल-पिवळ्यातून किती जातो? आणि जाहिरातच आहे ना ही? मुंबई नाक्यावर होर्डिंग लावलं तर भाडं मोजावं लागतं. माझ्या काचेचं भाडं कोण देणार? उलट सर्व्हिसिंगचं बिल मी दिलं, हप्ते मी भरतो, नाशकातल्या द्वारका चौकात अर्धा अर्धा तास अडकून मागच्या चार गाड्यांना त्यांचे मोबाइल नंबर पाठ करून देतो तेही मीच.

ज्यांना खरंच काढायचाय, त्यांच्यासाठी सरळ सांगतो. गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन स्टिकरवर पाच-दहा मिनिटं दाबून ठेवा. जुनं एटीएम कार्ड घ्या, ब्लेड नको. राहिलेल्या गमवर खोबरेल तेल चोळा, अर्धा तास जाऊ द्या. कोपऱ्यात बोटं पोचत नसतील तर पोराच्या कंपासमधली पट्टी घेऊन तिला फडकं गुंडाळा. पुसताना रेघांच्या दिशेने आडवं पुसा, उभं घासू नका. शेवटी भांड्याच्या साबणाचं पाणी. हे सगळं मला संध्याकाळी सहा वाजता कळलं.

काल फोन आला. 'सर, सर्व्हिस कशी वाटली? दहापैकी दहा द्याल ना?' दिले. त्या मुलीला काय बोलणार, स्टिकर तिने थोडाच लावला?

पण जो लावतो आणि जो लावायला सांगतो, त्यांना बोलायचंय. अरे, विचारा तरी! 'साहेब, स्टिकर लावू का?' एवढंच. चाकात हवा मारताना विचारता, एसीचा फिल्टर बदलायचा तर तीन वेळा फोन करता, कारण तिथे पैसे मिळतात. आणि माझ्या काचेवर गम थापताना तोंडाला कुलूप? लाज नाही वाटत? आणि आपणही तसलेच. गाडी घेताना तो स्टिकर दिसतो, तेव्हाच 'हा काढा, मग किल्ली घेतो' म्हणायचं, तर पेढा खात फोटो काढत उभे राहतो. मीही राहिलो होतो. फोटोत माझ्या खांद्यामागे तो स्टिकर स्पष्ट दिसतोय.