‘एअर काढली की झालं’ म्हणणाऱ्या मालकांना उत्तर

मालक, मऊ पडणाऱ्या ब्रेक पेडलवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की एका मुद्द्यावर तुम्ही मला बरोबर पकडलंय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही म्हणता, ३० वर्षं गाडी चालवतोय, पेडल मऊ झालं की एअर (ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा) काढायची, विषय संपला. सगळं ब्रेक ऑइल बदला म्हणणं म्हणजे लोकांना खर्चात पाडणं. त्यात सोलापूरसारख्या कोरड्या गावात ऑइलात पाणी येणार कुठून? आणि ‘दोन-तीनदा पंप मारल्यावर पेडल वर आलं तर एअर आहे’ हे माझं वाक्य धरून तुम्ही दोनदा एअर काढून घेतली, फरक काडीचा नाही. शेवटी मागच्या चाकांचे ब्रेक लायनर अ‍ॅडजस्ट केल्यावर गाडी नीट झाली.

हे शेवटचं आधी घेतो, कारण तिथं चूक माझी. मागे ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून लायनर घासून थांबवतात तो) असलेल्या गाडीत लायनर झिजले आणि ते आपोआप पुढं सरकवणारी यंत्रणा अडकली, की लायनर आणि ड्रममध्ये फट वाढते. पहिल्या दाबातलं ऑइल ती फट भरण्यातच जातं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर लायनर अजून पूर्ण मागे गेलेले नसतात, म्हणून पेडल वर येतं. लक्षण हुबेहूब एअरसारखं. फरक कळतो तो पायाला. एअर असेल तर शेवटपर्यंत गादीवर पाय दिल्यासारखं वाटतं. फट असेल तर पेडल खोल जातं खरं, पण तळाशी दगडासारखं घट्ट लागतं. आपल्याकडं दोन्हीला एकच शब्द, ‘ब्रेक खाली चाललाय’. मीही लेखात मऊ आणि खोल यांची खिचडीच केली होती.

तुमच्या गाडीवर एक गोष्ट आधी करून बघायला हवी होती. गाडी सपाटीवर उभी करून हँडब्रेक पूर्ण ओढायचा आणि मग पेडल दाबायचं. हँडब्रेक ओढल्यावर पेडल एकदम वर लागलं तर दोष मागच्या लायनरचा, एअर काढून काही उपयोग नाही. मूळ लेखातली ती ओळ आज दुरुस्त केली. दोनदा एअर काढायला लागलेले पैसे परत देऊ शकत नाही, घरी आलात तर चहा नक्की.

पण पाण्याच्या मुद्द्यावर मात्र मी मागे हटणार नाही. सोलापूर कोरडं, मान्य. तरी सप्टेंबरात कडक भाकरीचा डबा रात्रभर उघडा राहिला तर सकाळी भाकरीचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ब्रेक ऑइल त्या भाकरीपेक्षा हावरट. नेहमीचं डॉट ३ आणि डॉट ४ (ब्रेक ऑइलचे दर्जे) ऑइल ग्लायकॉलच्या जातीचं असतं, ते हवेतला ओलावा ओढतंच. टाकीच्या झाकणातून आणि रबरी होजमधूनही थोडा थोडा ओलावा आत जातो. कोकणातल्या गाडीपेक्षा इथं वेळ जास्त लागेल, एवढंच. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५.

याचा अनुभव मी एका मे महिन्यात घेतलाय. तुळजापूरहून दर्शन करून परत येताना गाडीत सहा माणसं. घाट उतरताना गिअर खाली घ्यायचा सोडून मी पूर्ण उतार ब्रेकवर पाय ठेवून आलो. शेवटच्या वळणाआधी पेडल लोण्यासारखं आत गेलं. हँडब्रेक आणि दुसरा गिअर, कशीबशी गाडी कडेला घेतली. चाकाजवळ हात नेववत नव्हता. सासूबाईंनी आई राजा उदो उदो सुरू केलं. अर्ध्या तासानं पेडल पुन्हा टणक, जणू काही झालंच नाही! दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये एअर काढायला घातली तर एक बुडबुडा नाही. असणार कसा? तापलेल्या ऑइलातलं पाणी उकळून वाफ झाली, वाफ दबते म्हणून पेडल मऊ. गार झाल्यावर वाफेचं परत पाणी. ऑइल पाच वर्षांचं होतं, बाटलीत काढलं तेव्हा काळ्या चहासारखं दिसलं. लहान गाडीला नवं ऑइल साधारण अर्धा ते एक लिटर लागतं. त्यापेक्षा जास्त पैसे आपण पुण्याच्या पाहुण्यांना शेंगाचटणी बांधून देण्यात घालवतो.

तिसरा प्रकार तुमच्याकडं नाही, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. सात रस्त्याच्या सिग्नलला ब्रेकवर एकसारखा पाय ठेवलाय आणि पेडल हळूहळू खाली सरकतंय, तर एअरचं नाव काढू नका. बाहेर कुठं गळती नसेल तर मास्टर सिलेंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडं ढकलणाऱ्या पंपाचं) रबरी वॉशर आतून ऑइल सोडतंय. ती गाडी चालवायची नाही, उचलून न्यायची.

आता ‘घरी एअर काढायला सांगून लोकांना मारणार का’ हा तुमचा टोमणा. अर्धा पटतो. माझा भाचा पेडलवर होता, मी चाकाशी. “दाब. धर.” निप्पल (चाकाजवळचा एअर काढायचा स्क्रू) पाव आटा ढिला, नळीतून ऑइल बाटलीत, पेडल खाली. आता मी निप्पल बंद करेपर्यंत पाय उचलायचा नाही, एवढा एकच नियम. भाच्याचा मोबाइल वाजला, पाय उचलला, निप्पलच्या आट्यांतून हवा परत आत. पुन्हा पहिल्यापासून. वर टाकीतलं ऑइल बघायचं राहिलं असतं तर ती कोरडी पडून मास्टर सिलेंडरमध्येच हवा शिरली असती. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा हे मी लेखात लिहायला विसरलो. पेडल तळापर्यंत गेलं की वॉशर सिलेंडरच्या कधी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासतं आणि फाटतं. एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा अडकली असेल तर बऱ्याच गाड्यांना गॅरेजातला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो, तिथं घरचा भाचा कामाचा नाही.

आणि एअर कुठंही काढा, घरी किंवा गॅरेजात, किल्ली हातात आल्यावर आधी गाडी उभी असतानाच पेडल घट्ट लागतंय का बघा. मग गल्लीत दहाच्या वेगानं एक चक्कर. त्यानंतर सकाळी सहाला, होटगी रोड मोकळा असताना.