कंपन्या हलवा म्हणे!

डोंबिवलीकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तेच दळण सुरू झालंय. अर्धे म्हणतात, एमआयडीसीतल्या रसायन कंपन्या हलवा. उरलेले म्हणतात, एमआयडीसी आधी आली, तुमच्या सोसायट्या नंतर. फ्लॅट बुक करताना डोळे मिटले होते का? 26 मे 2016 च्या स्फोटानंतर हेच झालं, 23 मे 2024 च्या स्फोटानंतरही हेच. मधल्या काळात रसायनाने रस्ता गुलाबी झाला, मुख्यमंत्री बघून गेले, पाताळगंगेला हलवण्याची घोषणा झाली. पण शेजारच्या टाकीत नेमकं काय आहे, हे कोणी विचारत नाही. माझी चिडचिड होते ती यावर.

मी अमेरिकेत, टेक्ससातल्या डिअर पार्कला राहतो. 225 हायवे ओलांडला की शिप चॅनल आणि त्याच्या काठचे कारखाने, रात्री त्यांच्या फ्लेअरचा, म्हणजे चिमणीवर जळणाऱ्या वायूचा, उजेड आमच्या छतावर. इथे कोणी ‘हलवा’ म्हणत नाही. (शाळा या कारखान्यांच्याच टॅक्सवर चालतात, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.) शनिवारी बारा वाजता भोंगे तपासतात. शाळेत वॉली नावाचं कासव शिकवतं: भोंगा झाला की आपल्या कवचात. मार्च 2019 मध्ये आयटीसी कंपनीच्या रसायनांच्या टाक्या पेटल्या आणि पुढे हवेत बेन्झीन हे घातक रसायन वाढलं म्हणून घरात थांबायचा आदेश आला, तेव्हा मी अजून फोनच चाळत होतो. धाकटीने एसी बंद करून, टॉवेल ओला करून दाराखालच्या फटीत कोंबलासुद्धा. वर मलाच विचारते, "बाबा, खिडकी बघितलीस का?"

प्रत्येक भागात रासायनिक अपघाताच्या तयारीसाठी लोकल इमर्जन्सी प्लॅनिंग कमिटी असावी हा कायदा इथे 1986 चा, आणि तो आला भोपाळमुळे. आपली माणसं मेली. पाठोपाठ 1985 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात युनियन कार्बाइडच्याच कारखान्यातून गळती झाली आणि अमेरिकेची संसद हलली. आता ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घातक रसायन बाळगणाऱ्याला दर 1 मार्चपर्यंत साठा कळवावा लागतो: कमिटीला, राज्याला, फायर डिपार्टमेंटलाही.

हे ग्रुपवर लिहिल्यावर आमचा एक बाकमित्र उसळला. "तुमच्या टेक्ससातच वेस्ट नावाच्या गावात 2013 ला अमोनियम नायट्रेट उडालं ना? 15 मेले. शेजारी शाळा आणि वृद्धाश्रम होता. कमिटी काय करत होती?" मी लिहिलं, ते खेडं, तिथली गोष्ट वेगळी. वेगळी काही नव्हती. पुढच्याच वर्षी राज्याच्या ॲटर्नी जनरलने हे साठ्याचे कागद लोकांपासून राखून ठेवायची मुभा दिली. माहिती हवी तर लोकांनी कंपनीच्या दारात जाऊन विचारावं म्हणे. हे मी ग्रुपवर टाकलं नाही. परक्यांसमोर घरचं उणं काढू नये तसं वाटलं. आणि मग वाटलं, यातलं घर कुठलं?

पण मुद्दा सोडत नाही. रासायनिक अपघातांसाठीचे नियम आपल्याकडेही आहेत, 1996 चे, आणि कागदावर इथल्यापेक्षा सणसणीत. लोकल क्रायसिस ग्रुप: प्रांताधिकारी अध्यक्ष, फॅक्टरी इन्स्पेक्टर सचिव, शिवाय स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक, दोन डॉक्टर, दोन समाजसेवक. दर महिन्याला बैठक, सहा महिन्यांतून एक पूर्ण मॉक ड्रिल, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं. त्यात आपल्याकडून कोण बसतं, असं मी विचारलं. एकानेही नाव सांगितलं नाही. कंपन्या हलतील तेव्हा हलतील; त्या आहेत तोवर ड्रिल कोणी मागायचं?

"मग ये ना इकडे आणि बस त्या गटात. तिथून टायपायला काय जातं?" ग्रुपवर एकाने सुनावलं.

झोंबलं. इथल्या कमिटीच्या बैठकीत हजेरीच्या कागदावर नाव लिहिलं की मी इथला. डोंबिवलीत फ्लॅट माझ्या नावावर, घरपट्टी मी भरतो, स्फोटात काचा फुटल्या त्याही माझ्याच घराच्या. पण तिथलं बोलायला गेलो की मी ‘अमेरिकेतला’.

रात्री आईला फोन केला. ती बाबांकडे वळून म्हणाली, "ऐकलंत का, प्रांतांकडे अर्ज करायचाय म्हणतोय." बाबांनी फोन घेतला. "मसुदा पाठव. आणि मराठीत लिही, तुझं ते इंग्रजी नको."

मसुदा पाठवलाय. सही त्यांचीच चालेल, माझी नाही.