नर कुठाय?

शेजारचे काका पिंजऱ्यात वाकले, अंडी मोजली आणि म्हणाले, "चार! मग नर कुठाय?"

नर नाही, म्हटलं. कॉकटीलची, म्हणजे या छोट्या तुरेवाल्या पोपटाची, मादी एकटी असली तरी अंडी घालते, त्यातून पिल्लं निघत नाहीत एवढंच. काकांनी पडद्यामागे डोकावून पाहिलं. "कोंबडीसुद्धा कोंबड्याशिवाय घालतेच की," मी म्हटलं. "कोंबडीची गोष्ट वेगळी. ती पाळीव." म्हणजे माझी काय जंगलातून ये-जा करते?

आदल्याच आठवड्यात याच काकांनी तिला डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवला होता. ती वाकली, पंख थोडे सैल सोडले, शेपटी वर केली आणि बारीक आवाजात चिवचिवायला लागली. "बघा, माझ्याकडे कशी शांत बसते! तुम्हाला जमत नाही." काका, त्याला शांत बसणं म्हणत नाहीत. काय म्हणतात, ते तुमच्या वयाच्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू? पाठीवर, पंखांखाली, शेपटीपाशी हात लागला की मादीला जोडीदार मिळाल्यासारखं वाटतं. खाजवायचं ते फक्त डोकं आणि मान. हे मी सांगितलं होतं. उत्तर आलं, "मायेनं हात फिरवायचा नाही, तर पाळता कशाला?"

आता म्हणे, "उचला ती अंडी, विसरेल." आणि हात आत! तिने फिस्कारून बोट पकडलं. "चावरी आहे हो." अहो, ती अंड्यांवर बसलीय!

आणि विसरत बिसरत नाही. अंडं गेलं की भरपाईला दुसरं घालते, साधारण एक दिवसाआड एक. कवचाचं कॅल्शियम आहारातून पुरलं नाही तर हाडांतून उपसलं जातं. नुसत्या बियांवर वाढलेल्या पक्ष्यात ते आधीच कमी. म्हणून कटलबोन, म्हणजे समुद्री जीवाचं कॅल्शियमने भरलेलं पांढरं कवच, कायम टांगलेलं हवं. अंडी तशीच राहू द्यायची, किंवा त्याच आकाराची प्लास्टिकची ठेवायची. तीन आठवडे बसून काही निघालं नाही की बहुतेक माद्या स्वतःच कंटाळून उठतात. मग अंडी काढायची, पिंजऱ्याची मांडणी बदलायची. खोकं, कापडी झोपडी, आरसा हे सगळं बाहेर. सोफ्याखालचा अंधारा कोपराही बंद, कारण तिला घरटं म्हणून काहीही चालतं. मऊ, कोमट खाणं आणि सूर्यफुलाच्या बियांची चैनही बंद.

पिसं फुगवून तळाशी बसली, शेपटी श्वासागणिक हलतेय, कुंथतेय, तर अंडं अडकलंय. तिला उबेत ठेवून ताबडतोब पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. पोट दाबायचं नाही, आत अंडं फुटलं तर जिवावर बेततं. "तेलाचं बोट लावा," हे काकांचं. अंडी थांबतच नसतील तर ल्युप्रोलाइड या हार्मोन रोखणाऱ्या औषधाचं इंजेक्शन असतं, पण त्याचा असर काही आठवड्यांचा, पुन्हा द्यावं लागतं. बाकी काही बदललं नाही तर नुसत्या सुईने भागत नाही.

सगळ्यात मोठा उपाय फुकटातला: रोज बारा ते चौदा तास सलग अंधार आणि शांतता. मोठा दिवस म्हणजे वीणीचा हंगाम, असा तिच्या शरीराचा हिशोब असतो. म्हणून मी सातलाच दिवे घालवून पडदे ओढतो. आठला काका गप्पा मारायला येतात, बटण दाबतात आणि पिंजऱ्यावर टकटक करून विचारतात, "झोपली का गं?"