मतं कोणी खाल्ली?

2019च्या लोकसभेचा सोलापूरचा निकाल इथल्या अनेकांना अजून तोंडपाठ आहे. जयसिद्धेश्वर महास्वामी 5,24,985. सुशीलकुमार शिंदे 3,66,377. प्रकाश आंबेडकर 1,70,007. दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज पहिल्यापेक्षा 11 हजारांनी जास्त भरते. त्यामुळे पार्क चौकात राजकारणाचा विषय निघाला की "वंचितनं (म्हणजे आंबेडकरांच्या पक्षानं) मतं खाल्ली" हे ठरलेलं.

मला ही बेरीजच पटत नाही. आंबेडकर उभे नसते तर त्यांचा प्रत्येक मतदार शिंदेंकडेच गेला असता, हे कोणी ठरवलं? काही महास्वामींकडे गेले असते, काही घरी बसले असते. खरी गोम अशी की "तुला आणखी कोण चालेल?" हे त्या मतदाराला कोणी विचारलंच नाही. एक बटण, एक बीप, विषय संपला.

अमेरिकेतली 'सेंटर फॉर इलेक्शन सायन्स' ही ना-नफा संस्था 2011पासून याच प्रश्नामागे लागली आहे. त्यांचं म्हणणं अगदी साधं आहे. मतपत्रिका आहे तशीच ठेवा, फक्त 'एकालाच मत' ही अट काढा. जे जे चालतील त्या सगळ्यांना मत द्या, सर्वाधिक मतांचा जिंकेल. याला अप्रूव्हल व्होटिंग म्हणतात. तिथल्याच नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो शहरात 2015 साली सहा उमेदवारांत एक जण जेमतेम 22 टक्के मतांवर निवडून आला. 2018 मध्ये तिथल्या लोकांनी ही पद्धत मंजूर केली, 2020 मध्ये वापरली. अमेरिकेतल्याच सेंट लुईस शहरात याच पद्धतीने मार्च 2021ला महापौरपदाच्या पहिल्या फेरीत टिशॉरा जोन्स यांना 57 टक्के आणि कारा स्पेन्सर यांना 46 टक्के मतदारांची पसंती मिळाली. बेरीज शंभराच्या वर! बऱ्याच जणांना दोघीही चालत होत्या. मग दोघींत थेट लढत झाली, जोन्स जिंकल्या. मतं खाल्ल्याची भानगडच नाही.

"त्यापेक्षा पसंतीक्रम बरा," असं म्हणणारे आहेत. तो तर आपल्याकडे आहेच. पुणे पदवीधर मतदारसंघात आपण 1, 2, 3 आकडे लिहितोच की. 2020ला तिथं 62 उमेदवार होते, मतपत्रिका वर्तमानपत्राएवढी, आणि हजारो मतं बाद. पदवीधरांची, बरं का! मोजणीला तर रात्र पुरत नाही. म्हणून माझा कौल अप्रूव्हलला.

"लोकांना जमणार नाही" हा आक्षेप सोलापुरात तरी कोणी घेऊ नये. महापालिकेला आपण चार सदस्यांच्या प्रभागात चार बटणं दाबतो. साखर कारखान्याच्या निवडणुकीत सत्तरीतला सभासद कपबशी, छत्री बघून एकामागून एक शिक्के मारतो, वर क्रॉस व्होटिंगही करतो. (कारखान्याची पद्धत मात्र वेगळी. जेवढ्या जागा तेवढीच मतं, त्यामुळे एखादं पॅनेल सगळंच्या सगळं घेऊन जातं. ती काही मला आदर्श वाटत नाही.)

खरा अडथळा मतदार नाही, पुढारी आहेत. नॉर्थ डकोटाच्या विधिमंडळाने 2023 मध्ये फार्गोची ही पद्धत बंद करायचं विधेयक आणलं, राज्यपालांनी ते नाकारलं. 2025 मध्ये नवे राज्यपाल आले, त्यांनी सही केली, संपलं. शहराने ठरवलेलं राज्याने पुसलं. आपल्याकडे वेगळं काय आहे? प्रभाग कधी एकाचा, कधी तिघांचा, कधी चौघांचा. सरकार बदललं की प्रभागाचा आकारही बदलतो आणि मतदाराला ते वर्तमानपत्रातून कळतं. तेव्हा "नियम कसे बदलणार" हे निदान मुंबईत बसलेल्यांनी तरी सांगू नये.

एक शंका मलाही आहे. पक्ष सांगतील, "फक्त आपलंच बटण दाबा, दुसरं दाबलंत तर गद्दारी." बरेच जण ऐकतीलही. पण सगळ्यांनी ऐकलं तरी निकाल लागेल तो आजच्यासारखाच, त्याहून वाईट नाही. आणि दहातल्या दोघांनी जरी ऐकलं नाही, तर आंबेडकरांसारख्या तिसऱ्या उमेदवाराला खरोखर किती लोक मानतात, हे पहिल्यांदा आकड्यात दिसेल.

लोकसभेचं राहू द्या, तिथं संसदेला कायदा बदलावा लागेल. पण आपल्या मंडळांच्या अध्यक्षपदाला तीन-चार इच्छुक असतात आणि दरवर्षी रुसवेफुगवे होतात. तिथं चिठ्ठीवर चालतील ती सगळी नावं लिहायला सांगा. यंदा कुठलं मंडळ तयार आहे? मोजणीला मी येतो.