'स्पष्टवक्ता' यांना उत्तर: बाई वाचतात

नमस्कार 'स्पष्टवक्ता',

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली. उत्तराला चार दिवस लावले, कारण त्याच रात्री लिहिलं असतं तर ते मला स्वतःलाच नंतर वाचवलं नसतं. आमचे हे म्हणाले, "सोडून दे, नाव लपवून लिहिणाऱ्याच्या नादी कशाला लागायचं?" पण ३१ वर्षं प्राथमिक शाळेत काढलेल्या माणसाला मागच्या बाकावरून आलेला शेरा सोडून देता येत नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. 'थायरॉईड आणि हातापायांच्या मुंग्या' या माझ्या लेखावर यांचे तीन आक्षेप आहेत. एक, मी माझ्या गोळीचं प्रमाण ७५ मिलिग्रॅम लिहिलं. दोन, यांच्या बहिणीचा टीएसएच (थायरॉईड मंदावला की रक्तात वाढणारं संप्रेरक) दोन वर्षं नॉर्मल आहे, तरी रात्री तळपायांची आग होते. तेव्हा 'थायरॉईड ताळ्यावर आला की मुंग्या जातात' हे माझं म्हणणं अर्धवट आहे. आणि तीन, हे शब्दशः देते: "बाई, घरबसल्या डॉक्टरकी करण्याआधी जरा वाचन वाढवा."

पहिला आक्षेप मान्य. ते ७५ मायक्रोग्रॅम हवं. मिलिग्रॅम म्हणजे हजारपट, हे मला कळतं. चौथीला मापनं मीच शिकवायचे. टंकताना झालेली चूक आहे, आणि ७५ मिलिग्रॅमची गोळी कुठला मेडिकलवाला आणून देणार होता, हेही खरं. तरी चूक ती चूक.

आता 'बाई'. आमच्या इस्लामपूरकडे शिक्षिकेला बाईच म्हणतात. "बाई, मी आत येऊ?" "बाई, यानं माझा खोडरबर घेतला." हा शब्द मी दिवसाला शंभरदा ऐकलाय. त्यामुळे कोणती 'बाई' आदराची आणि कोणती 'ओ बाई, बाजूला व्हा'मधली, हे मला ओळीच्या चालीवरून कळतं. तुमची दुसरी.

आणि 'घरबसल्या' म्हणाल, तर निवृत्त माणूस घरी नाही तर कुठे बसणार? पण दुखणं काही घरबसल्या आलं नव्हतं. २०१४ च्या पावसाळ्यात रात्री दोन-अडीचला उजवा हात बधिर होऊन जाग यायची. खाटेच्या कडेवरून हात लोंबता सोडायचा, झटकायचा, मग पाच-दहा मिनिटांनी जीव परत यायचा. शाळेत खडू बोटांतून निसटायचा. पोरं उचलून द्यायची, आधी हसत, नंतर न हसता. भाकरी थापताना पीठ बोटांना लागायचंच नाही. एका डॉक्टरांनी मान दाबून पाहिली, मणका सांगितला आणि गळ्यात पट्टा घातला. सात महिने घातला मी तो. वजन वाढत होतं, आवाज जाडाभरडा झाला होता, मे महिन्यात मी शाल पांघरत होते. हे सगळं वयाच्या खात्यावर गेलं. शेवटी भलत्याच कारणासाठी काढलेल्या रक्तात टीएसएच निघाला ५८. असायला हवा साधारण साडेचारच्या आत.

त्या सात महिन्यांत माझी करंगळी एकदाही बधिर झाली नव्हती. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, मुंग्या एवढ्यालाच. हे मला कोणी विचारलं नाही. मनगटात हाडांच्या नि एका चिवट पट्ट्याच्या मध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वळवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि एक नस, मीडियन नर्व्ह. थायरॉईड मंदावला की पेशींच्या मधल्या जागेत पाणी धरून ठेवणारा चिकट ऐवज साठतो आणि बोगदा दाटतो. दोऱ्या तो दाब सोसून घेतात, नसेला तो सोसवत नाही. करंगळीची नस वेगळ्या वाटेनं येते म्हणून ती ठणठणीत. हे मला कुणी वर्गात शिकवलं नाही, साहेब. वाचलं.

वाचनाचंच काढलंत म्हणून सांगते. १८९१ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून थायरॉईड मंदावलेल्या एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईला उठवून बसवलं. ती पुढे २८ वर्षं जगली. १९१२ मध्ये हाशिमोटो या जपानी सर्जननी थायरॉईडच्या ज्या सुजेचं वर्णन केलं, तीच आज आपल्यातल्या बहुतेकींच्या रिपोर्टवर त्यांच्या नावानं असते. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत केंडॉल यांनी थायरॉक्सिनचे, म्हणजे थायरॉईड तयार करतो त्या संप्रेरकाचे, स्फटिक वेगळे काढले. आपण सकाळी गिळतो ती गोळी त्याच थायरॉक्सिनची, आता कारखान्यात बनवलेली. आणखी वाढवू वाचन?

पण माझं खरं शिक्षण झालं ते मेडिकलच्या दुकानात. गोळी सुरू झाली, डोस वाढला, तरी टीएसएच विसाच्या खाली येईना. मी गोळी चहाबरोबर घेत होते आणि मागोमाग कॅल्शियमची. दुकानातल्या मुलानं सहज विचारलं, "मॅडम, दोन्ही एकदम घेता?" तेव्हा कळलं. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा निदान अर्ध्या तासानं, आणि कॅल्शियम किंवा लोह चार तासांनी. शरीरात या औषधाचा निम्मा भाग उरायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून मग तपासायचं. मी दर पंधरवड्याला लॅबमध्ये जाऊन पैसे घालवले होते. गोळी नीट लागू पडल्यावर आणि रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधल्यावर पाचएक महिन्यांत माझी झोप परत आली. ऑपरेशन टळलं. डाव्या अंगठ्याचं टोक अजून बधिर आहे, सुईत दोरा ओवताना जाणवतं, पण ते जाऊ द्या.

ज्या बाईनं हे सगळं भोगलं तिला तुम्ही एका ओळीत निकालात काढता, तेही टोपणनावाआडून. माझं नाव आणि फोटो इथे वर आहे. तुमचं?

दुसऱ्या आक्षेपाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. प्रत्येकाची प्रकृती वेगळी. माझा लेख मुळात हातांबद्दल होता. शीर्षकात 'हातापायांच्या' आहे हे दिसतंय मला, पण बोलण्यात आपण हातपाय जोडीनंच म्हणतो. तळपायांची आग थायरॉईडनं होतच नाही असं नाही, पण साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व आधी बघायचं असतं, विशेषतः शाकाहारी घरात. आणि हाशिमोटोवाल्यांत जठराचीही कुरबुर असली तर पोटातून बी-१२ नीट शोषलंच जात नाही. हे मला माहीत आहे. मीही बी-१२ ची इंजेक्शनं घेतली होती, लेखात लिहिली नाहीत एवढंच. एका लेखात किती कोंबायचं?

बहिणीच्या बाबतीत एक विचारते. त्या 'नसांच्या' म्हणून मिळणाऱ्या गोळ्या घेतात का? त्यांत बरेचदा बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. मोठ्या मात्रेत ते रक्ताच्या काही चाचण्यांत घोळ करतं, आणि टीएसएच खरा असेल त्याहून कमी दिसू शकतो. तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात, त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि प्रीगाबालिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी चालू असेल तर झोप, पायांची सूज, वजन वाढणं यांतलं सगळंच थायरॉईडचं समजू नका. त्या गोळीचेही तेच प्रताप. मात्र ती आपल्या मनानं एकदम थांबवायची नाही.

हे पुढच्या लेखात येणार होतं, आता इथेच आलं. मिलिग्रॅमची दुरुस्ती आज दुपारी केली आहे. बहिणीचा बी-१२ किती निघाला ते कळवा.