‘बरणी, पान आणि वाटीभर पाणी पुरे’ : गोगलगाय पाळण्याच्या या सल्ल्यात काय चुकतं

बागेतली गोगलगाय घरी पाळण्याबद्दल एक मजकूर बराच फिरतो. त्याचा गोषवारा असा : झाकणाला भोकं पाडलेली काचेची बरणी घ्या, तळाशी बागेतली माती घाला, वाटीभर पाणी आणि रोज लेट्यूसचं एक पान ठेवा. शंख फुटला तर गोगलगाय दुसरा शोधून घेते. एकटीच असली तर अंड्यांची काळजी नाही. आठवडाभर हलली नाही तर मेली समजा, आणि कंटाळा आला तर कुठल्याही बागेत सोडून द्या.

तिला जागा कमी लागते आणि खर्चही फार नसतो, एवढं यातलं खरं आहे. पण गोगलगाय ओरडत नाही, चावत नाही, तक्रार करत नाही. त्यामुळे आज केलेली चूक दिसायला कित्येक आठवडे जातात, आणि तोवर हाच सल्ला पुढे दहा जणांना पोचलेला असतो.

सगळ्यांत घातक वाक्य शंखाचं आहे. रिकामे शंख शोधून त्यात राहतो तो एक प्रकारचा खेकडा. गोगलगाय अंड्यातून बाहेर येते तीच शंख घेऊन. तिचं हृदय, फुप्फुस आणि पचनग्रंथी शंखाच्या आत असतात आणि एका मजबूत स्नायूने शरीर शंखाच्या मधल्या दांड्याला जखडलेलं असतं. शंखातून तिला ओढून काढणं म्हणजे मारणं. शंख वाढतो तो तोंडाकडच्या कडेने, म्हणून कडेचा टवका उडाला तर कॅल्शियम मिळाल्यावर काही आठवड्यांत ती तो भरून काढते. वरच्या वेढ्यातली चीर आतून बुजते, पण सावकाश. अशा वेळी माती काढून तळाला ओला टिशू पेपर घाला, कॅल्शियम जवळ ठेवा आणि तिला हात लावू नका. गोंद तर अजिबात नको. तो मांसल भागाला लागला तर जखम वाढते. मुळात शंख फुटतो कशाने? बहुतेकदा झाकणावरून खाली दगडावर किंवा मातीच्या भांड्यावर पडून. म्हणून आत टणक वस्तू ठेवूच नयेत. झाकणाला चिकटलेली गोगलगाय शंखाला धरून ओढली तर शंखाच्या कडेशी असलेला नाजूक पडदा फाटतो. तिच्या पुढ्यात ओलं बोट धरा, ती स्वतःच सरकून वर येते.

‘रोज लेट्यूसचं पान’ या सल्ल्याचा परिणामही शंखावरच दिसतो. लेट्यूस आणि काकडीत बहुतांश पाणी असतं. पालकातलं ऑक्सॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. शंख मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने ते कमी पडलं की कड पातळ होते, पापुद्रे निघतात आणि गोगलगायी एकमेकींचे शंख खरवडू लागतात. उपाय सोपा आहे : समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या हाडाचा, तुकडा डब्यात कायम असू द्या. तो नसेल तर अंड्याची टरफलं 10 मिनिटं उकळून, वाळवून, बारीक पूड करून ठेवा. खायला गाजर, रताळं, भोपळा आलटून पालटून द्या, आठवड्यातून एकदा चिमूटभर माशांचं कोरडं खाद्य भिजवून द्या. लिंबूवर्गीय फळं आणि मिठाचं काहीही नको. गोगलगाय रात्री खाते. ताटली संध्याकाळी ठेवा आणि उरलेलं सकाळी काढा.

आता बरणी. अरुंद तोंडाच्या बरणीत हवा खेळत नाही, भिंतींवर पाणी साचतं, बुरशी धरते आणि बारीक किडे होतात. दोन-तीन मोठ्या गोगलगायींसाठी 30 × 20 × 20 सेंटिमीटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. समोरासमोरच्या दोन बाजूंना 2–3 मिलिमीटरची भोकं पाडा, म्हणजे हवा आरपार जाते. झाकण क्लिपचंच हवं, सैल झाकण त्या ढकलून उघडतात. बागेतल्या मातीत खत, कीटकनाशक किंवा परजीवी असू शकतात. त्याऐवजी 5–7 सेंटिमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला. त्यात क्षार असू शकतात, म्हणून दोन-तीनदा भिजवून पिळून घ्या. ओलावा नेमका किती, हे मुठीत कळतं : दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. डबा थेट उन्हात ठेवू नका, प्लास्टिक असो वा काच, आत भट्टी होते.

वाटीभर पाण्यात गोगलगाय बुडून मरू शकते, कारण ती हवेतच श्वास घेते. 5 मिलिमीटर खोलीचं बाटलीचं टोपण पुरतं. पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरा आणि रोज संध्याकाळी भिंतींवर हलका फवारा मारा.

‘हलत नाही म्हणजे मेली’ असं मानून कित्येक जिवंत गोगलगायी फेकल्या जातात. कोरडेपणा, उष्णता किंवा थंडी वाढली की गोगलगाय शंखाचं तोंड वाळलेल्या स्रावाच्या पडद्याने बंद करते आणि महिनोन्‌महिने तशी राहू शकते. पडदा सोलू नका. ओल्या टिशूवर ठेवा, तोंडाशी कोमट पाण्याचे दोन-चार थेंब सोडा आणि एक दिवस थांबा. मेलेल्या गोगलगायीला कुजका वास येतो आणि स्पर्श केल्यावर ती आकसत नाही. वारंवार पडदा धरत असेल तर दोष डब्यात शोधा : ओलावा आणि तापमान तपासा, 18 ते 24 अंश सेल्सिअस चांगलं.

एकटी असली तरी अंडी होऊ शकतात. बागेतली गोगलगाय उभयलिंगी असते आणि आधीच्या मीलनातले शुक्राणू बराच काळ साठवून ठेवते. ती कोकोपीटमध्ये काही सेंटिमीटर खोल, मोत्यांसारखी पांढरी डझनावारी अंडी घालते. साधारण दोन ते चार आठवड्यांत पिल्लं निघतात, म्हणून आठवड्यातून एकदा तळ उकरून बघा. पिल्लं नको असतील तर अंडी ताजी असतानाच 48 तास फ्रीजरमध्ये ठेवा.

मूळ मजकुरात हात धुण्याचा उल्लेखच नाही. गोगलगायींमधून माणसाला मेंदूज्वर देणारा फुप्फुसकृमी पसरू शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, हाताळण्याआधी मात्र फक्त पाण्याने. साबणाचा अंश तिच्या त्वचेला सोसत नाही.

‘कुठल्याही बागेत सोडा’ हेही चूक. जिथून उचलली त्याच जागी, ओलसर संध्याकाळी सोडता येईल. विकत घेतलेली किंवा डब्यात जन्मलेली कधीच सोडू नये. जगातल्या 100 सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत राक्षसी आफ्रिकी गोगलगाय आहे; माणसांनीच ती देशोदेशी नेली. वापरलेल्या कोकोपीटमध्येही अंडी लपलेली असतात. कुंडीत टाकण्याआधी तेही 48 तास फ्रीजरमध्ये ठेवा.